पायाशी बसणारं अक्षर

अंकितानं मोबाईल परातीच्या कडेला टेकवून उभा केला आणि आईच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"हात पूस, अव्वा. आता मी काही बोलणार नाही. तू एकटीनंच खेळायचं."

"मला कुटं जमतंय ते?"

"जमतंय की. नुसतं बोट लावायचं."

आईनं गॅस बारीक केला. तव्यावर त्या दिवशीची शेवटची भाकरी होती. अंकिताची आई, वैजयंतीबाई, रोज सकाळी ज्वारीच्या पातळ भाकऱ्या थापायच्या, मंद आचेवर फडक्यानं दाबून दाबून पापडासारख्या कडक करायच्या, आणि दुपारी त्या डब्यांत भरून सोलापुरातल्या सात रस्ता चौकातल्या एका दुकानात जायच्या. कुंभारीच्या त्या दोन खोल्यांच्या घरात पुढची खोली भाकऱ्यांचीच होती. तिथं बसायचं म्हणजे ज्वारीच्या पोत्याला टेकून बसायचं.

अंकिता पोत्याला टेकली आणि तिनं वही उघडली. शाळेत म्हमाणे सरांनी सांगितलं होतं, खेळ तपासायचा असेल तर तो कधीच न पाहिलेल्या माणसाच्या हातात द्या आणि गप्प बसा. शिकवू नका, खुणावू नका. बोट कुठं जातं, कुठं अडतं, तेवढं लिहा.

खेळाचं नाव होतं 'चिमी'. नववीतल्या तिघांनी मिळून तो बनवला होता. गोष्ट अंकिताची, चित्रं महेजबीनची, आणि संगणकावरची सगळी जोडणी ऋतुराजची. मंगळवार बाजाराच्या गर्दीत एका मुलीची शेळी हरवते आणि मुलगी ती शोधत किल्ल्याच्या भिंतीकडून तलावापर्यंत जाते. प्रत्येक ठिकाणी पडद्यावर गोष्टीच्या चार ओळी येत आणि त्यांच्याखाली, एकाखाली एक, दोन पर्याय. कोणता निवडाल त्याप्रमाणे गोष्ट पुढं वळायची.

आईनं चित्र पाहिलं. "ही शेळी भारी काढलीया," ती म्हणाली आणि वरच्या पर्यायावर बोट ठेवलं.

अंकितानं लिहिलं, वर.

पुढचं चित्र आलं. आईनं थोडा वेळ पडद्याकडे पाहिलं आणि पुन्हा वरच्यावर बोट ठेवलं. नंतर पुन्हा. बाजार, भिंत, पूल. अंकिताच्या वहीत एकाखाली एक 'वर' असं लिहिलं जात होतं. शेवटी तलाव आला. पडद्यावर लिहिलं होतं, 'चिमी समोर उभी आहे. ती घाबरली आहे.' खाली दोन पर्याय होते. वरचा, 'पाठ फिरवून निघून जा.' खालचा, 'हळूच जवळ जा.'

आईनं वरच्यावर बोट ठेवलं.

शेळी पळाली. पडद्यावर 'खेळ संपला' अशी अक्षरं आली आणि महेजबीनच्या मोठ्या भावानं वाजवलेली उदास धून सुरू झाली. आईनं हसून वर पाहिलं.

"सापडली न्हवं?"

अंकिताची पेन्सिल वहीवर थांबली होती. "हो," ती म्हणाली. "सापडली."

"छान हाय," असं म्हणून आई भाकरीकडे वळली.

आईला वाचता येत नाही, हे अंकिताला माहीत नव्हतं असं नाही. पण ते इतकं सवयीचं झालं होतं की लक्षातच राहत नसे. बसची पाटी बाबा वाचायचे, औषधाच्या बाटलीवरचं अंकिता वाचायची. पाचवीत शाळेचा फॉर्म भरताना 'आईचे शिक्षण' या रकान्यात तिनंच, सुवाच्य अक्षरात, 'अशिक्षित' असं लिहिलं होतं, आणि लिहून झाल्यावर पुढच्या रकान्याकडे गेली होती. आज मात्र वहीतल्या त्या 'वर, वर, वर' कडे तिला बघवेना. तिनं पान उलटलं.

शनिवारी शाळेत तिघं संगणकासमोर बसले तेव्हा तिनं वही काढलीच नाही.

"खेळ बोलायला पाहिजे," ती म्हणाली. "सगळ्या ओळी. पर्यायसुद्धा. बोट ठेवलं की आधी वाचून दाखवायचं, मग दुसऱ्यांदा दाबलं की निवडायचं."

ऋतुराजनं खुर्ची मागं सरकवली. "शहाऐंशी ओळी हायत. शहाऐंशी आवाज भरायचे? खेळ जड होईल. आणि चार आठवडे राहिलेत."

"जड झाला तर झाला."

"कुणासाठी पण?"

महेजबीननं अंकिताकडे एकदा पाहिलं, मग ऋतुराजला म्हणाली, "बोलू दे ना. माझा धाकटा भाऊ पहिलीत हाय, त्याला पण खेळता येईल." विषय तिथंच संपला.

खेळाच्या सामानाच्या खोलीत, गाद्यांच्या थप्प्यांमध्ये बसून, पंखा बंद करून त्यांनी आवाज भरले. घामानं तिघं भिजले. पुढच्या बुधवारी अंकितानं तोच मोबाईल पुन्हा परातीला टेकवून ठेवला.

या वेळी आई वेगळीच खेळली. पर्याय ऐकून तिनं मान हलवली, परत ऐकला, खालचा ऐकला. बाजारातल्या भाजीवाल्याचा पर्याय ऐकून म्हणाली, "त्याला इचारून काय उपेग, त्याचं लक्ष गिऱ्हाइकाकडं." तलावापाशी तिनं श्वास रोखून खालच्या पर्यायावर बोट ठेवलं आणि शेळी जवळ आली तेव्हा मांडीवर थाप मारली. अंकिता भराभर लिहीत होती. इतकं तिनं कुणाबद्दलच लिहिलं नव्हतं.

मग आई थांबली. पदराला हात पुसत म्हणाली, "हे बोलायचं का घातलंस यात?"

"सगळ्यांसाठी. लहान पोरांना वाचता येत नाही ना, म्हणून."

"लहान पोरांना." आईनं मोबाईल पालथा ठेवला. "अंकी, मला वाचता येत न्हाई असं तुला कुणी सांगितलं?"

अंकिता आठवू लागली. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही.

आई उठली, अंकिता टेकली होती त्या पोत्याचं तोंड धरून तिनं ताणलं आणि त्यावर छापलेल्या निळ्या, गोल अक्षरांवरून बोट फिरवत वाचू लागली. तिला अडखळायला झालं नाही. गिरणीचं नाव, इंडी तालुक्यातलं गाव, बिळी जोळ म्हणजे पांढरी ज्वारी, पन्नास किलो. "आणि हे खाली बारीक लिवलंय, ओल लागू देऊ नका. हितं छापणाऱ्यानं एक अक्षर चुकवलंय बघ."

अंकिता जन्मापासून घरात कानडी ऐकत होती, बोलत होती. या पोत्यांवर अभ्यासाला बसत होती. ती अक्षरं कुणी वाचत असेल, असं कधी तिच्या मनातच आलं नव्हतं.

"तू शाळेत गेलीस?"

"सातवीपर्यंत. गल्लीतली समदी पत्रं मीच वाचायची. कुणाचं पोरगं सोलापुरात गिरणीत, कुणाचं पुण्यात. वाचून दाखवायची आणि उत्तर बी मीच लिवायची. म्हाताऱ्या रडायला लागल्या की त्यांचं रडू थांबंपर्यंत पेन हातात धरून बसायचं."

"मग इथं...?"

"हितं बसमधनं उतरले तर एक बी पाटी ओळखीची न्हाई. हिंदीचे मास्तर आमच्या शाळेला कधी मिळालेच न्हाईत, न्हाईतर ही तुमची अक्षरं तरी कळली असती. तुझी आज्जी स्टँडवर कुणाला तरी म्हणली, हिला वाचता येत न्हाई. खरंच होतं की ते. मी काय म्हणणार?"

"पण नंतर सांगायचं ना."

"नंतर कुणी इचारलं?" आईच्या आवाजात तक्रार नव्हती. मीठ संपलंय असं सांगावं, तसं तिनं सांगितलं. मग मोबाईल उलटा करून पुन्हा शेळीकडे पाहत म्हणाली, "ह्याच्यात दुसरी अक्षरं बसतात काय?"

"कानडी?" शनिवारी ऋतुराजचा आवाज चढला. "तीन आठवडे राहिलेत, अंकिता. आणि वाचायला येतंय कुणाला?"

"माझ्या आईला."

हे दोन शब्द बोलताना आपली मान ताठ झाल्याचं तिचं तिलाच जाणवलं. मागच्या शनिवारी जे लपवलं होतं ते सगळं तिनं सांगितलं. वहीतलं ते पानसुद्धा दाखवलं.

महेजबीन पान पाहून हळूच म्हणाली, "वर्गात आधे पोरं घरी कानडी बोलतात. पढना किसकू आता? एकाला पण नाही."

म्हमाणे सर मागं उभे राहून ऐकत होते. "मला पण नाही," ते म्हणाले. "घरी आम्ही कानडीच बोलतो. पण माझं स्वतःचं नाव मला त्या लिपीत लिहिता येत नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "करा. पण तारीख पुढं जाणार नाही. पालकांना बोलावणं गेलंय."

अंकितानं बाबांच्या जुन्या मोबाईलमध्ये कानडी कळफलक घातला. शहाऐंशी ओळी तिनं आईला एक एक करून वाचून दाखवायच्या आणि आईनं त्या कानडीत उतरवायच्या असं ठरलं. पहिल्या दिवशी चार ओळी झाल्या. आई एक एक अक्षर शोधायची, सापडलं की "हां" म्हणायची. तिसऱ्या दिवशी तिचा अंगठा सरावला. दुपारी डबे गेले की ती मोबाईल घेऊन दाराच्या पायरीवर बसू लागली, आणि शेजारची बाई काही विचारायला आली तर तिला हातानंच थांबवायची.

ओळी जशाच्या तशा ती उतरवतच नव्हती.

"हे काय लिवलंयस? 'चिमी, कृपया इकडे ये.' शेळीला असं कोण म्हणतं?"

"मग काय म्हणायचं?"

आईनं ओठ आवळून जिभेनं टाळूवर एक आवाज काढला, बारीक, थरथरता, आणि मग मऊपणानं म्हणाली, "बारव्वा, बा." ये गं बाई, ये. बाहेर रस्त्यावरनं जाणाऱ्या एका शेळीनं खरोखरच मान वळवली. दोघी इतक्या हसल्या की आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. अंकितानं तिथल्या तिथं तो आवाज मोबाईलवर भरून घेतला आणि मराठी खेळातलंही 'कृपया' काढून टाकलं.

अकराव्या दिवशी शहाऐंशी ओळी पुऱ्या झाल्या. ऋतुराजनं त्या खेळात भरल्या, अंकितानं घरी आणून आईपुढं धरल्या. आईनं पहिलाच पडदा पाहिला आणि मोबाईल लांब धरला, जवळ धरला.

"हे मोडलंय."

"काय मोडलंय?"

"अक्षरं. हे बघ. आमच्यात जोडाक्षर आलं की दुसरं अक्षर बारीक होऊन पहिल्याच्या पायाशी बसतं. तुमच्या ह्या खेळात ते उठून बाजूला जाऊन उभं राहिलंय. हे असं कुणी वाचलं तर म्हणंल, लिवणारीला लिवता येत न्हाई."

ऋतुराजला शाळेत हे सांगितलं तर त्याला काय चुकलंय तेच कळेना. त्याला दोन्ही सारखंच दिसत होतं. म्हणून रविवारी सकाळी तो आणि महेजबीन त्याच्या काकाचा लॅपटॉप पिशवीत घालून कुंभारीला आले.

आईनं सतरंजी अंथरली. कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दही पुढं ठेवलं, पण लॅपटॉप उघडला तशी ती स्वतः पोरांच्या मध्ये येऊन बसली. ऋतुराज एक एक कानडी अक्षरवळण, म्हणजे फॉन्ट, नेटवरून उतरवून घेई, खेळात बसवी आणि पडदा तिच्याकडे फिरवी.

"काकू, आता?"

"न्हाई."

"आता?"

"पहिलं बसलंय. दुसरं न्हाई. हे बघ, हितं." तिनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला, ऋतुराजची वही ओढली आणि पेननं ते अक्षर काढलं. मोठं, गोल, आणि त्याच्या पायाशी तो छोटा आकार. तिच्या अक्षरात कुठंच थरथर नव्हती. महेजबीन वाकून पाहत राहिली. चित्रं काढणारी होती ती, तिला रेघ कळायची.

"काकू, हे परत एकदा काढा ना," ती म्हणाली. "सावकाश."

आईनं पुन्हा काढलं. मग महेजबीननं काढलं. आईनं तिचा हात धरून वळण दुरुस्त केलं.

अंकिताचे बाबा, राजशेखर, तेवढ्यात बाहेरून आले. एक चप्पल काढून ते दारातच थांबले. त्यांची बायको दोन परक्या पोरांच्या मध्ये बसून "न्हाई, न्हाई, ते पायाशी पायजे" असं म्हणत होती आणि पोरं माना डोलावत होती. राजशेखरना कानडी वाचता येत नव्हतं. अठरा वर्षं तिला पाट्या वाचून दाखवणारे ते होते. त्यांनी दुसरी चप्पल काढली.

"वैजयंती," शेवटी ते म्हणाले, "चहा मी ठेवू काय?"

"ठेवा की," ती वर न बघता म्हणाली.

पाचव्या अक्षरवळणाला ऋतुराजनं काही विचारलंच नाही. नुसता पडदा फिरवला. आईनं एक ओळ वाचली, दुसरी वाचली. तिचं बोट पडद्याजवळ जाऊन थांबलं.

"आता बसलं."

ऋतुराजनं दोन्ही हात वर केले, महेजबीननं टाळ्या वाजवल्या. आईनं मात्र सगळ्या शहाऐंशी ओळी पहिल्यापासून तपासल्या आणि स्वतःच्याच दोन चुका काढल्या. जाताना ऋतुराज म्हणाला, "काकू, अजून एक राहिलंय. शेवटी नावं असतात. कुणी काय केलं ते. ते पण कानडीत लागतील."

"पाठवते," आई म्हणाली.

संध्याकाळी अंकिताच्या मोबाईलवर त्या ओळी आल्या. तिनं त्या वाचता येत नसताना एकदा वरपासून खालपर्यंत पाहिल्या आणि जशाच्या तशा ऋतुराजला पुढं धाडल्या.

पालक शनिवारी अकराला जमले. सभागृहात पडदा लावला होता, बाहेरचं ऊन आत येऊ नये म्हणून खिडक्यांना सतरंज्या टांगल्या होत्या. पाच गटांचे पाच खेळ होते, 'चिमी' शेवटचा. सरांनी आधीच विचारलं होतं, कानडी खेळ दाखवताना अंकिताच्या आईनं पुढं येऊन वाचावं का. आई ठाम नाही म्हणाली होती. "मी मागं बसून बघते." ती तिसऱ्या रांगेत, हिरव्या इरकल साडीत, मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. शेजारी बाबा, इस्त्रीच्या शर्टात.

'प्रकाशित करा' ही कळ दाबायचा मान तिघांनी एकमेकांवर ढकलला आणि शेवटी तिघांनी एकदमच बोट ठेवलं. सर म्हणाले, "हा खेळ आता जगात कुठूनही उघडता येईल." टाळ्या झाल्या. मराठी 'चिमी' लोकांनी कौतुकानं पाहिली. तलावापाशी कुणाची तरी आजी मोठ्यानं "जा की जवळ!" असं ओरडली.

मग ऋतुराजनं भाषा बदलली. पडदाभर गोल अक्षरं उमटली.

कुणीतरी कुजबुजलं. सर काही बोलणार तेवढ्यात मागच्या भिंतीशी खुर्च्या लावत असलेले शाळेचे शिपाई शंकरप्पा मामा दोन पावलं पुढं आले. ते अक्कलकोट तालुक्यातल्या कानडी शाळेत शिकले होते, हे त्या सभागृहात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि उभ्या उभ्या पहिली ओळ मोठ्यानं वाचली. वाचून स्वतःच हसले.

"वाचा, मामा, वाचा," सर म्हणाले. "इथं पुढं या."

मामा पुढं आले. त्यांचा आवाज खणखणीत होता. दुसऱ्या तिसऱ्या ओळीला रांगांमधून हसू फुटायला लागलं, मराठीच्या वेळी नव्हतं असलं, घरातलं. मघाशी शिष्टपणानं बसलेली माणसं आता पर्याय ओरडून सांगत होती, कानडीतच. आणि तलावापाशी आईचा तो भरून घेतलेला आवाज वाजला, टाळूवरचा थरथरता आवाज आणि मागोमाग "बारव्वा, बा." एक म्हातारे गृहस्थ खुर्चीतून अर्धे उठले. "अरे, हे आमच्या गावचं हाय की!" ते म्हणाले.

अंकिता पडद्याच्या कडेला उभी होती. तिनं आईकडे पाहिलं. आई पडद्याकडे बघत नव्हती. ती लोकांची तोंडं बघत होती, एक एक करून, कुणी घाई करू नये अशा सावकाशीनं.

शेळी सापडली. धून वाजली आणि शेवटची नावं खालून वर सरकू लागली. मामांनी त्याच सुरात वाचायला सुरुवात केली. "चित्रं, महेजबीन शेख. जोडणी, ऋतुराज गायकवाड. गोष्ट, अंकिता राजशेखर कलशेट्टी." प्रत्येक नावाला टाळ्या पडत होत्या. "आणि कानडी..." मामांनी चष्मा सारखा केला. "कानडी, बसम्मा कल्लप्पा बिरादार."

टाळ्या पडल्या, पण विस्कळीत. लोक इकडेतिकडे पाहू लागले.

सरांनी अंकिताकडे पाहिलं. "ह्या कोण? तुझी आई ना भाषांतर करत होती?"

अंकितानं पडद्यावरच्या त्या ओळीकडे पाहिलं. कल्लप्पा हे तिच्या आजोळच्या आज्जांचं नाव होतं. बिरादार हे आईचं माहेरचं आडनाव. पण बसम्मा? हे नाव तिनं घरात कधीच ऐकलं नव्हतं. आज्जांच्या तोंडूनही नाही. ते आईला नुसतं 'मगळे', मुली, असं म्हणायचे.

"बसम्माबाई आल्यात का?" सरांनी सभागृहाला विचारलं.

तिसऱ्या रांगेत आई उभी राहिली. मांडीवरची पिशवी घसरली, ती बाबांनी वरच्यावर पकडली. ते तिच्याकडे मान वर करून बघत होते. लग्नात तांदळाच्या ताटात त्यांनीच तिचं नवं नाव, वैजयंती, बोटानं लिहिलं होतं. आता त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि तिला पुढं जायला वाट मिळावी म्हणून पाय बाजूला घेतले.

पण आई पुढं गेली नाही. ती होती तिथंच उभी राहिली, पदर खांद्यावर सारखा करून.

"मी हाय," ती म्हणाली.

नावं पडद्यावरून वर सरकत होती. सगळ्यात खालची ती ओळ आता वरच्या कडेला पोचली होती.

"थांबव," अंकिता ऋतुराजला म्हणाली. "तिथंच थांबव."